मोकळे रान, मोकळे कपाळ

काही शब्द सणासुदीला बाहेर काढायचे असतात. ‘स्वातंत्र्य’ हा त्यांतलाच एक. पंधरा ऑगस्टला तो कडक इस्त्री करून भाषणात येतो, टाळ्या घेतो आणि पुन्हा कपाटात जाऊन बसतो. घरात, मंडईत, शेताच्या बांधावर त्याची फारशी गरज पडत नाही. एखादी सून सासूला ‘मला स्वातंत्र्य हवे आहे’ असे म्हणाली, तर ते नाटकातले वाक्य वाटेल आणि घरात दोन दिवस अबोला राहील. तीच सून ‘चार दिवस माहेरी जाऊन येते, जरा मोकळं वाटेल,’ असे म्हणाली, तर सासूला ते लगेच समजते. तिनेही कधी काळी आपल्या सासूपुढे हेच वाक्य उच्चारलेले असते.

मराठी माणसाचा रोजच्या वापरातला स्वातंत्र्याचा शब्द ‘मोकळा’ हा आहे. तो इतका अंगवळणी पडला आहे की दिवसातून किती वेळा आपण तो वापरतो, याचा हिशेब कुणी ठेवत नाही. मध्यंतरी एक दिवस मी तो ठेवून पाहिला.

सकाळी तालमीवरून जाताना आतून वस्तादांचा आवाज आला, ‘आधी अंग मोकळं करा, मग मातीत उतरा.’ घरी आलो तर उप्पीट मोकळे झाले आहे की गिचका, यावर चर्चा चालू होती. एस.टी. स्टँडवर गर्दीने फुटायला आलेल्या गाडीच्या दारातून कंडक्टर सांगत होता, ‘मागनं मोकळी गाडी येतीया, थांबा की जरा.’ कचेरीत ‘साहेब मोकळे आहेत का?’ असे शिपायाला विचारावे लागले. दुपारी एक ओळखीचे शेतकरी भेटले. ‘तोड आली एकदाची, रान मोकळं झालं,’ म्हणाले आणि चेहऱ्यावरून दोन महिन्यांची काळजी उतरलेली दिसली. संध्याकाळी पाय मोकळे करायला रंकाळ्यावर गेलो. तिथे कट्ट्यावर दोन मित्र एकमेकांजवळ मन मोकळे करत बसले होते. रात्री शेजारच्या काकूंनी दारातूनच बातमी दिली, ‘मोकळी झाली बघा आमची पोरगी. दोघंबी बरी हाईत.’

एका दिवसात एका शब्दाने तालमीपासून बाळंतिणीच्या खोलीपर्यंत फेरफटका मारला. अंग, उप्पीट, गाडी, साहेब, रान, पाय, मन आणि लेकुरवाळी होणारी पोरगी या सगळ्यांना लागू पडेल असा दुसरा शब्द मला तरी सुचत नाही.

मी काही भाषाशास्त्रज्ञ नाही, पण शब्दकोश चाळण्याची जुनी खोड आहे. संस्कृतात ‘मुच्’ म्हणजे सोडणे असा एक धातू आहे. ‘मुक्त’, ‘मुक्ती’, ‘मोचन’, ‘मोक्ष’ ही त्याची शिकली-सवरलेली लेकरे. प्राकृतातल्या ‘मुक्क’, ‘मुक्कल’ या वाटेने त्याची जी शाखा खेड्यापाड्यांत उतरली, तिच्यात आपला ‘मोकळा’ जन्माला आला. गुजरातीत त्याचे सख्खे भावंड ‘मोकळुं’ म्हणून नांदते आहे. ‘मोकलणे’ म्हणजे सोडणे, असे एक क्रियापदही मराठीत होते. आता ते फक्त रडण्यापुरते उरले आहे. माणूस धाय मोकलून रडतो तेव्हा दाबून धरलेले सगळे सोडून देतो. ‘मोकाट’ हा याच घराण्यातला वाया गेलेला मुलगा.

म्हणजे मोक्ष आणि मोकळा हे चुलत भाऊ झाले. एकासाठी जन्मोजन्मीचे पुण्य लागते, दुसऱ्यासाठी रंकाळ्यापर्यंत चालत गेले तरी पुरते. पण थोरल्या भावाला अध्यात्माने उचलून नेले आणि धाकटा मात्र संसारात राहिला, म्हणूनच तो जास्त उपयोगी पडतो.

दावे, लगाम आणि साखळी

बंधन नसणे या अर्थाचे मराठीत आणखी किती शब्द आहेत ते सहज लिहून काढा. बेलगाम, निरंकुश, उच्छृंखल, उद्दाम, मोकाट, ओढाळ. यादी डोळ्यांखालून घातली की एक गंमत लक्षात येते. हे सगळे शब्द गोठ्यातून, पागेतून किंवा हत्तीखान्यातून आले आहेत. बेलगाम म्हणजे ज्या घोड्याला लगाम नाही तो. निरंकुश म्हणजे ज्या हत्तीवर अंकुश नाही तो. उच्छृंखल म्हणजे शृंखला, साखळी तोडलेला. ‘उद्दाम’ या शब्दात ‘दामन्’ म्हणजे दावे आहे. दावे तोडून उधळलेले जनावर ते उद्दाम. ओढाळ गुरू तर प्रत्येक गावात एखादे असतेच. स्वतःच्या गोठ्यात कितीही वैरण असली तरी त्याला दुसऱ्याच्या शेतातले हिरवे दिसते.

दुसरी गोष्ट अशी की हे सगळे शब्द आज शिव्यांच्या जवळपास जाऊन बसले आहेत. ज्याने दावे तोडले त्याची बाजू भाषेने घेतलीच नाही. दावे ज्याच्या हातात होते, त्याची घेतली. ‘स्वैर’ या शब्दाचा मूळ अर्थ आपल्या मनाने जाणारा, एवढाच. त्याला ‘आचार’ जोडला आणि ‘स्वैराचार’ झाला, की घरातली वडीलधारी मंडळी चष्मा सावरून बसतात.

आणखी एक गट आहे तो परवानगीचा. ‘मुभा’ हा शब्द अरबीतून आला. ज्याला हरकत नाही ते ‘मुबाह’. ‘रजा’ही तिकडचीच, तिचा मूळ अर्थ राजीखुशी, संमती. सूट, सवलत, मोकळीक हेही याच रांगेतले. या सगळ्या गोष्टी कुणीतरी द्याव्या लागतात. ‘आमच्यात मुलींना पूर्ण मोकळीक आहे हो,’ असे लग्न ठरवायच्या बैठकीत मुलाचे वडील मोठ्या अभिमानाने सांगतात. त्या वाक्यात ‘आम्ही दिली आहे’ हे शब्द न उच्चारताही ऐकू येतात. जी दिली आहे ती परत घेता येते, हेही त्यात आलेच.

‘मोकळा’ मात्र या दोन्ही गटांत बसत नाही. तो शिवी नाही आणि मेहेरबानीही नाही. ‘लई मोकळं माणूस हाय,’ असे आपल्याकडे एखाद्याबद्दल म्हणतात तेव्हा त्याच्या पोटात एक आणि ओठात एक नाही, त्याच्याकडे जायला आडपडदा लागत नाही, एवढे सगळे त्या चार शब्दांत येते. त्या माणसाने काही तोडलेले नसते आणि त्याला कुणी काही दिलेलेही नसते. तो तसा असतो.

कोंडवाडा आणि हजेरी

शब्दांची ही गंमत इथेच संपली असती तर बरे झाले असते. पण जनावरांचे शब्द माणसांना लावले, की पाठोपाठ जनावरांचे नियमही येतात.

इंग्रज सरकारने १८७१ साली इतर कायद्यांबरोबर दोन कायदे केले. एक होता गुरांच्या अतिक्रमणाचा. मोकाट गुरू शेतात शिरले तर त्याला कोंडवाड्यात घालावे आणि मालकाने दंड भरून सोडवून न्यावे, अशी त्यात व्यवस्था होती. दुसरा होता गुन्हेगार जमातींचा. काही जमाती जन्मानेच गुन्हेगार आहेत असे गृहीत धरून त्यांच्या माणसांची नोंद करावी, त्यांच्या हिंडण्याफिरण्यावर बंधने घालावीत आणि त्यांनी ठरल्या वेळी हजर राहावे, असे तो सांगत होता. सुरुवातीला तो उत्तरेकडच्या भागांपुरता होता. १९११ च्या नव्या कायद्याने त्याचे जाळे साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानावर पसरायची सोय झाली. भटकणारे गुरू आणि भटकणारा माणूस या दोघांची सोय सरकारने एकाच वर्षी लावली. फरक एवढाच की गुराला दंड भरून सोडवता येत होते.

हजेरीची ही पद्धत संस्थानांतही होती. महार, मांग, रामोशी, बेरड अशा जातींच्या माणसांनी गावच्या अधिकाऱ्यापुढे रोज हजेरी द्यायची. परगावी जायचे तर विचारून जायचे. मुलीच्या सासरी कुणी आजारी पडले तरी आधी हजेरी. राजर्षी शाहू छत्रपतींनी १९१८ साली कोल्हापूर संस्थानात ही हजेरी बंद केली. नुसती बंद करून ते थांबले नाहीत. ज्या फासेपारध्यांना गावकरी वेशीच्या आत येऊ देत नसत, त्यांना त्यांनी आपल्या पदरी कामाला ठेवले. त्याच वर्षी महार वतनाचीही पद्धत संस्थानात मोडली, आणि वतनाच्या नावाखाली रात्रंदिवस राबवून घेण्याचा गावाचा हक्क गेला.

देशात गुन्हेगार जमातींचा कायदा रद्द व्हायला ३१ ऑगस्ट १९५२ हा दिवस उजाडावा लागला. देश स्वतंत्र होऊनही पाच वर्षे झाली होती. त्या जमातींना पुढे ‘विमुक्त’ असे नाव मिळाले. पुन्हा तोच ‘मुच्’ धातू. नाव मुक्तीचे मिळाले, पण गावात चोरी झाली की पहिला संशय पालांवर जाण्याची रीत काही कायद्याबरोबर रद्द झाली नाही. पुढे सराईत गुन्हेगारांचे नवे कायदे आले आणि पोलिसांची जुनी सवय त्यांच्या आडोशाने टिकून राहिली. कागदावरच्या शब्दाला माणसाच्या अंगात उतरायला किती वेळ लागतो, याचे हे उदाहरण आहे.

मोफत आणि सक्तीचे

याच शाहू महाराजांनी १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. शाळेत शिकताना हे दोन शब्द आपण एका दमात पाठ केलेले असतात, पण जरा थांबून पाहिले तर ते एकमेकांच्या विरुद्ध दिशेला तोंड करून उभे आहेत. मोफत म्हणजे बंधन काढले. सक्ती म्हणजे बंधन घातले. जे आईबाप मुलाला शाळेत धाडणार नाहीत त्यांना महिन्याला एक रुपया दंड होता, आणि त्या काळी एक रुपया ही गरीब घराला लहान रक्कम नव्हती.

आता असा विचार करा. सक्तीच्या आधी गावातले दहा वर्षांचे पोर मोकळेच होते. दिवसभर गुरांमागे रानात हिंडत होते, ओढ्यात डुंबत होते, चिंचा पाडत होते. त्याला कुणी बांधले नव्हते. त्याच्या मोकळेपणाचा हेवा वाटावा असेच ते चित्र आहे. पण ते पोर वीस वर्षांचे झाल्यावर सावकाराच्या कागदावर अंगठा उठवताना मोकळे राहत नव्हते. कागदात काय लिहिले आहे हे वाचता न येण्याइतके घट्ट दावे दुसरे नाही. ते दावे तोडायला पोराला काही वर्षे शाळेच्या चार भिंतींत बांधून घालावे लागले.

कोल्हापूरला हे समजायला अवघड जाऊ नये. याच गावात अल्लादिया खाँसाहेब दरबार गायक म्हणून राहिले आणि त्यांच्या घराण्याचे गाणे इथल्या हवेत मुरले. त्या गायकीत मोकळ्या आकाराला मोठे महत्त्व आहे. ऐकणाऱ्याला वाटते, गळा जात्याच मोकळा असेल. तसा तो नसतो. मोकळा आवाज लागण्यासाठी वर्षानुवर्षे एकेका स्वराला खिळून बसावे लागते. तालमीतल्या पैलवानाचे अंग मोकळे होते तेही हजारो जोर-बैठकांच्या सक्तीनंतर. ज्याने कधी अंग मोडले नाही त्याचे अंग मोकळे नसते, आखडलेले असते.

म्हणून मोकळे असणे आणि मोकळे सोडलेले असणे यांत फरक करायला हवा. ‘त्याला घरच्यांनी मोकळंच सोडलंय,’ असे आपण एखाद्या पोराबद्दल म्हणतो तेव्हा त्यात हेवा नसतो. त्याच्याकडे कुणाचे लक्ष नाही, अशी कीव असते.

मोकळे म्हणजे रिकामेही

इथवर मी या शब्दाची उजळ बाजू सांगितली. त्याला दुसरीही बाजू आहे. मोकळा म्हणजे रिकामा.

आमच्या आजीचा एक नियम होता. शेजाऱ्याकडून आलेला डबा मोकळा परत करायचा नाही. घरात काही नसले तर चिमूटभर साखर तरी घालायची. पाहुण्याकडे मोकळ्या हाताने जायचे नाही. मुलीची पाठवणी करताना ओटी मोकळी ठेवायची नाही. आणि घरातल्या बायका-मुलींना दिवसातून दहा वेळा ऐकावे लागे, ‘मोकळ्या कपाळानं हिंडू नकोस. हात मोकळे ठेवू नकोस. तिन्हीसांजेला केस मोकळे सोडू नकोस.’

पुरुषाचा हात मोकळा म्हणजे तो उदार. बाईचा हात मोकळा म्हणजे त्यात बांगड्या नाहीत. पुरुषाचा गळा मोकळा म्हणजे तो छान गातो. बाईचा गळा मोकळा म्हणजे त्यात मंगळसूत्र नाही. ‘तो मोकळा आहे’ यात कौतुक आणि ‘ती मोकळी सुटली आहे’ यात निंदा. एकच शब्द, पण उंबरठ्याच्या आत आला की त्याची किंमत बदलते.

माझी थोरली मावशी नऊ वर्षे अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्याची सेवा करत होती. अर्धांगाने त्यांची उजवी बाजू गेली होती. त्या नऊ वर्षांत मावशी एका रात्रीसाठीही गाव सोडून कुठे गेल्याचे मला आठवत नाही. काका गेले तेव्हा भेटायला येणारी माणसे दोन वाक्ये बोलत. ‘सुटले बिचारे.’ आणि मग मावशीला, ‘तुम्हीबी मोकळ्या झाला.’ त्यांच्या बोलण्यात काही वाईट नव्हते. तिचे हाल सगळ्यांनी पाहिले होते. पण त्याच माणसांतल्या चौघींनी तिच्या बांगड्या फोडल्या होत्या आणि कुंकू पुसले होते. पुढच्या वर्षी तिच्या मुलीचे लग्न झाले. हळद लावायला सवाष्णी बोलावल्या गेल्या आणि मावशी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून पाहत होती. कुणी तिला मागे ढकलले नव्हते. ती आपणहून मागे उभी होती, कारण कुठे उभे राहायचे हे तिला लहानपणापासून माहीत होते. नंतर केव्हा तरी ती मला म्हणाली, ‘मोकळी झाले म्हणत्यात सगळी. पण मोकळं होऊन जायाचं कुठं?’

‘सोडणे’ या शब्दाचेही असेच. सोडणे म्हणजे बंधन काढणे. पण आपल्याच भागात मुली ‘देवाला सोडल्या’ जात. केसांत जट झाली की देवीचे बोलावणे आले असे समजायचे आणि मुलीला यल्लम्माच्या नावाने सोडून द्यायचे. ती कुणा एकाची बायको नाही, म्हणजे मोकळी. प्रत्यक्षात तिच्याइतकी बांधलेली बाई गावात दुसरी नसे. शाहू महाराजांनी १९२० साली कोल्हापूर संस्थानात जोगतिणी-मुरळ्या सोडण्याच्या प्रथेविरुद्ध कायदा केला. मुंबई इलाख्यात तसा कायदा १९३४ साली आला आणि महाराष्ट्र राज्याला पुन्हा २००५ साली नवा कायदा करावा लागला. एकाच गोष्टीवर तीन कायदे करावे लागतात, याचा अर्थ वाचकांनीच काढावा. समाजकार्यकर्ते गावोगाव जाऊन बायकांची जट कापतात, समजूत घालतात, तेव्हा त्या बाईच्या मानेवरचे वर्षांचे ओझे उतरते. तिचे केस त्या दिवशी मोकळे होतात, आणि ‘केस मोकळे सोडू नकोस’ असे तिला कुणी म्हणू नये अशी माझी फार इच्छा आहे.

हेरवाडचा ठराव

मावशीच्या प्रश्नाला एका ग्रामपंचायतीने २०२२ साली उत्तर द्यायचा प्रयत्न केला. आपल्याच जिल्ह्यातले, शिरोळ तालुक्यातले हेरवाड हे गाव. राजर्षी शाहूंच्या निधनाला ६ मे २०२२ रोजी शंभर वर्षे पूर्ण होत होती. त्याच्या दोन दिवस आधी, ४ मे रोजी, हेरवाडने ठराव केला. पतीच्या निधनानंतर बाईचे कुंकू पुसायचे नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र आणि जोडवी काढून घ्यायची नाहीत, तिला समारंभातून वगळायचे नाही. कोरोनाच्या साथीत गावोगाव तरुण बायकांवर वैधव्य आले होते. त्यांच्या कोवळ्या मुलांच्या देखत हे विधी होताना पाहणे माणसांना जड जाऊ लागले होते. हेरवाडची बातमी पसरली आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनीही असा ठराव करावा, असे आवाहन केले.

शाहू महाराजांनी विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा १९१७ साली केला होता. लग्न करायची वाट मोकळी झाली, तेव्हापासून कपाळावर कुंकू ठेवायची वाट मोकळी व्हायला एकशे पाच वर्षे लागली. कायदा कोर्टात जाणाऱ्या बाईला आधार देतो. पण बांगड्या कोर्टात फोडल्या जात नाहीत. त्या अंगणात, आपल्याच बायका जमून फोडतात. म्हणून हा ठराव गावाने करणे महत्त्वाचे होते.

आणि तरीही मला एक धास्ती वाटते. मराठीत ‘मोकळा’ या शब्दाचा आणखी एक प्रयोग आहे. ‘सांगून मोकळा झाला.’ ‘विकून मोकळा झाला.’ ‘सही करून मोकळा झाला.’ माणूस काहीतरी उरकतो, अंगावरचे झटकतो आणि पुढचे निस्तरायला दुसऱ्याला ठेवतो. या प्रयोगात थोडासा टोमणा असतोच. हेरवाडचे कौतुक करणाऱ्या गावांनी ठराव करून मोकळे होऊ नये. ठरावाचा कागद दप्तरात राहतो. खरी परीक्षा त्यानंतरच्या पहिल्या हळदीला होते. दारात उभ्या असलेल्या मावशीला हाताला धरून कोण पुढे नेतो, तिच्या कपाळाला कोण हळद लावतो आणि ते पाहून कोण उठून जातो, यावर ठरते.

शिवाय उलट बाजूही ध्यानात ठेवायला हवी. कुणाला कुंकू लावायचे नसेल, बांगड्या घालायच्या नसतील, तर त्याचीही सक्ती नको. पती असताना लावलेच पाहिजे आणि नसताना लावताच कामा नये, या दोन्ही सक्ती एकाच हाताच्या आहेत. कपाळ तिचे आहे. ते मोकळे ठेवायचे की भरलेले, हे तिने ठरवावे. तसे झाले तर ‘मोकळे कपाळ’ या शब्दातला रिकामा अर्थ गळून पडेल आणि दुसरा उरेल.

रान मोकळे झाल्यावर

त्या दिवशी भेटलेले शेतकरी म्हणाले होते, रान मोकळे झाले. हा प्रयोग मला सगळ्यांत शहाणपणाचा वाटतो. आडसाली ऊस वर्ष-दीड वर्ष रानात उभा असतो. तितका काळ ते रान दुसऱ्या कशाला मिळत नाही. तोड येते, फड पडतो, गाड्या कारखान्याकडे जातात आणि रान मोकळे होते. पण कुठलाही शेतकरी मोकळ्या रानाकडे पाहून ‘संपलं एकदाचं’ म्हणत घरी बसत नाही. त्याच बांधावर उभ्या उभ्या पुढचा प्रश्न येतो. खोडवा राखायचा की नांगरट करून दुसरे काही घ्यायचे? खोडव्याला खर्च कमी, पण जमीन तशीच गुंतून राहते. नांगरले तर मेहनत जास्त, पण मातीला उसंत मिळते. मोकळे होणे ही त्याच्या लेखी कामाची सुरुवात असते.

त्याच फडात ऊस तोडणारी जोडपीही असतात. बीडकडून, मराठवाड्यातून आलेली. त्यांनी हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतलेली असते. शेतकऱ्याचे रान त्यांच्या कोयत्याने मोकळे होते, पण उचल फिटेपर्यंत ती स्वतः मोकळी होत नाहीत. एका वर्षी फिटली नाही तर पुढच्या हंगामात पुन्हा त्याच मुकादमाकडे यावे लागते. रान मोकळे झाल्याचा आनंद जरूर करावा, पण ते कुणाच्या हातांनी मोकळे झाले आणि त्या हातांचा हिशेब कुठवर आला आहे, हेही बांधावर उभे असताना विचारायला हरकत नाही.

शब्दांचे अर्थ कोशात ठरत नाहीत, कोश फक्त त्यांची नोंद घेतो. यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांनी १९३२ ते १९३८ या काळात ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे सात खंड काढले. ती शब्दांची केवढी मोठी खानेसुमारी आहे! उद्या कुणी नवा कोश करायला घेतला, तर ‘मोकळी’ या शब्दापुढे काय लिहायचे हे त्याला आपल्या घरांतूनच शिकावे लागेल. आपण हळदीला कुणाला बोलावतो, पालावरच्या माणसाकडे कसे पाहतो, मुलीला मोकळीक ‘देतो’ की तिची ती असू देतो, त्यावरून.

तोवर या शब्दाला रोजच्या कामात राहू द्या. उप्पीट मोकळे होऊ दे, रस्ता मोकळा होऊ दे, शेजारची पोरगी सुखरूप मोकळी होऊ दे. आणि आज रविवार आहे. संध्याकाळी रंकाळ्यावर पाय मोकळे करायला जाल, तेव्हा घरात कधीच ‘जरा फिरून येते’ असे न म्हणणारी एखादी मावशी, काकू किंवा आजी असेल, तर तिला चप्पल घालायला सांगा.